नवी नोकरी, नवं शहर आणि गृहकर्ज : कोणतं काम आधी, कोणतं नंतर

नोकरी बदलली, पगार वाढला, शहरही बदललं. मग पहिल्याच शनिवारी कुणीतरी साइट दाखवायला घेऊन जातं आणि सॅम्पल फ्लॅटमधला सोफा बघून माणूस एक लाखाचं टोकन देऊन मोकळा होतो. पुढच्या आठवड्यात बँकेत गेलं की कळतं, जॉइन होऊन महिनाच झालाय, फाइल घेणार नाहीत. असं पुण्यात दर महिन्याला कुणा ना कुणाचं होतं. नव्या नोकरीत कर्ज मिळत नाही असं नाही. कामांचा क्रम चुकलेला असतो.

उदाहरणासाठी धरून चालू की तुम्ही नाशिकची नोकरी सोडून पुण्यात हिंजवडीला रुजू होताय आणि वाकड, रावेत किंवा पुनावळ्याच्या बाजूला फ्लॅट घ्यायचाय. नागपूरहून ठाण्याला किंवा कोल्हापूरहून बंगळुरूला जात असाल तरी बँकेचा हिशेब साधारण हाच राहतो. फक्त मुद्रांक शुल्काचे आकडे शहराप्रमाणे आणि राज्याप्रमाणे बदलतात.

पायरी १ : राजीनाम्याआधी कागद घरी आणा

शेवटच्या दिवशी संध्याकाळी कंपनीचा लॅपटॉप जमा झाला की पगाराच्या पोर्टलचं लॉगिनही बंद होतं. नंतर जुन्या एचआरला मेल टाकून दोन वर्षांपूर्वीचा फॉर्म १६ मागणं म्हणजे भिंतीशी बोलणं. म्हणून नोटीस पिरियडमध्येच सगळ्या सॅलरी स्लिपा, मागच्या दोन वर्षांचे फॉर्म १६, नेमणूकपत्र आणि पगारवाढीची पत्रं स्वतःच्या मेलवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. चालू वर्षाचा फॉर्म १६ पुढच्या जूनमध्ये निघेल. तो कुणाकडून आणि कोणत्या मेलवर येणार, हे निघण्याआधी विचारून ठेवा.

रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवपत्र पूर्ण हिशेब झाल्यावर येतं, त्याला महिना-दीड महिना सहज लागतो. ते येईपर्यंत राजीनामा स्वीकारल्याचा मेल जपून ठेवा. काही बँका तात्पुरता तो चालवून घेतात.

जुनं सॅलरी अकाउंट लगेच बंद करू नका. बँक सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागते, आणि त्यात जुन्या कंपनीचा पगारही दिसला तर उत्पन्नाची साखळी तुटलेली वाटत नाही. जुन्या खात्यातून एखादा हप्ता कापला जात असेल तर तो नव्या खात्याकडे वळवल्याशिवाय त्यातली शिल्लक काढू नका. एक बाउन्स झालेला हप्ता नव्या नोकरीपेक्षा जास्त नडतो.

पीएफ काढून घेण्यापेक्षा नव्या खात्यात ट्रान्सफर करा. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, एकच राहिला की दोन्ही नोकऱ्यांच्या तारखा एका जागी दिसतात. हल्ली अनेक बँका नोकरीची खातरजमा पीएफच्या नोंदींवरूनच करतात. जुन्या कंपनीने बाहेर पडल्याची तारीख टाकलेली नसेल तर पोर्टलवर तुम्ही अजून तिथेच कामाला आहात असं दिसतं आणि बँकेचा माणूस दोन नोकऱ्या आहेत का असं विचारतो. ही तारीख एकदा स्वतः बघून घ्या.

पायरी २ : क्रेडिट रिपोर्ट स्वतः वाचा

आपल्याकडे सगळ्याला सरसकट ‘सिबिल’ म्हणतात, पण माहिती ठेवणाऱ्या संस्था चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्कोअर ७५० च्या वर असेल तर बोलणी सोपी जातात. पण नुसता आकडा पाहून थांबू नका, आतली पानं वाचा.

शहर बदलणाऱ्यांच्या रिपोर्टमध्ये हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे जुन्या क्रेडिट कार्डाची वार्षिक फी. बिल नाशिकच्या पत्त्यावर जात राहतं, तुम्ही पुण्यात, आणि पाचसहाशे रुपयांची थकबाकी महिनोन्‌महिने ‘ओव्हरड्यू’ म्हणून चढत राहते. ती भरा, कार्ड नको असेल तर रीतसर बंद करा आणि बंद केल्याचं पत्र घ्या. जुनं कर्ज तडजोडीत मिटवलं असेल तर रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो, आणि बँकेच्या लेखी तो ‘क्लोज्ड’पेक्षा बराच खालचा. चूक दिसली तर तक्रार करा, निवारणासाठी ३० दिवसांची मुदत आहे. म्हणूनच हे काम अर्जाच्या दोन महिने आधीच उरकावं.

एक सावधगिरी. डीएसए, म्हणजे कर्जाचे एजंट, तुमची फाइल एकाच दिवशी चार बँकांना पाठवतात. चारही बँका रिपोर्ट उघडतात आणि ती प्रत्येक चौकशी नोंदली जाते. फाइल कुठे जाणार हे तुम्ही ठरवा, आणि दोनच्या वर जाऊ देऊ नका.

पायरी ३ : अर्ज नेमका कधी

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

ऑफर लेटर हातात आहे, पण अजून रुजू झालेला नाही : नुसत्या ऑफर लेटरवर कर्ज मिळेल ही आशा धरू नका. कंपनी नावाजलेली असेल तर एखादी बँक प्राथमिक बोलणी करते, पण पैसे सुटायचे तर स्लिप लागतेच.

जुन्या नोकरीत असतानाच कर्ज मंजूर करून घ्यायचं आणि मग राजीनामा टाकायचा : ही युक्ती सांगणारे बरेच भेटतील. बहुतेक मंजुरीपत्रांत अट असते की नोकरी किंवा उत्पन्नात बदल झाला तर कळवायचं, आणि बँक मंजुरी मागे घेऊ शकते. शिवाय रक्कम सोडण्याआधी ताजी स्लिप मागितली किंवा कंपनीत फोन केला की सगळं उघडं पडतं. तोवर तुम्ही करारनामा करून बसलेले असता, मुद्रांक शुल्क भरलेलं असतं, आणि बिल्डर हप्ता मागत असतो. मंजुरीनंतर नोकरी बदललीच, तर लपवू नका. नवं नेमणूकपत्र देऊन मंजुरी सुधारून घ्या. पगार वाढला असेल आणि क्षेत्र तेच असेल तर यात सहसा काही अडत नाही, उशीर तेवढा होतो.

नव्या नोकरीत रुजू झालात : साधारण अपेक्षा तीन महिन्यांच्या स्लिपांची असते, आणि एकूण अनुभव दोन वर्षांच्या वर हवा. यात एक बारीक मेख आहे. तुम्ही १७ तारखेला रुजू झालात तर पहिली स्लिप अर्ध्या महिन्याची निघते आणि ती धरत नाहीत. पूर्ण महिन्याच्या तीन स्लिपा हव्यात, म्हणजे प्रत्यक्षात साडेतीन महिने जातात. एकाच क्षेत्रात, चांगल्या अनुभवानिशी बदल केला असेल तर काही खासगी बँका आणि गृहवित्त कंपन्या एका स्लिपेवरही फाइल घेतात.

प्रोबेशनवर आहात म्हणून दारं बंद होत नाहीत. पण सरकारी बँकेत कायम झाल्याचं पत्र मागण्याची शक्यता जास्त, आणि खासगीत कंपनीच्या दर्जावर ठरतं. नोकरी थर्ड पार्टी पेरोलवर, म्हणजे पगार दुसऱ्याच कंपनीकडून निघत असेल तर ते सुरुवातीलाच सांगा. तुम्ही ज्या इमारतीत बसता त्या कंपनीचं नाव स्लिपेवर नसतं, आणि हे शेवटी बाहेर आलं तर फाइल पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पगारी नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू केला असेल तर दोन-तीन वर्षांची व्यवसायाची विवरणपत्रं लागतात, आधीचा पगार कितीही असो.

माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने भाड्याने राहा. स्लिपा जमतात, कायमपत्र येतं, आणि सकाळी नऊला वाकडच्या चौकातून ऑफिसला पोहोचायला खरंच किती वेळ लागतो तेही कळतं. सॅम्पल फ्लॅटमध्ये हे कुणी सांगत नाही.

पायरी ४ : किती कर्ज मिळेल

सीटीसी, म्हणजे ऑफर लेटरवरचा वर्षाचा एकूण आकडा, विसरा. बँक हातात येणारा पगार बघते. व्हेरिएबल पे धरलाच तर मागचा पुरावा बघून, त्याचा काही भाग. जॉइनिंग बोनस धरत नाहीत. शिवाय वर्षाच्या आत सोडलं तर तो बहुधा परत द्यावा लागतो, म्हणून तुम्हीही तो घरात घालू नका.

ढोबळ नियम असा की सगळे हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास राहावेत. समजा हातात ९०,००० येतात, म्हणजे हप्त्यांसाठी ४५,०००. व्याज साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षं धरली तर एका लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे कर्ज झालं ५१ लाख ८० हजारांच्या जवळपास. आता तुमच्या गाडीचा ९,००० चा हप्ता चालू आहे असं धरा. उरले ३६,००० आणि कर्ज आलं साडेएकेचाळीस लाखांवर. एका गाडीने दहा लाखांचं कर्ज कमी केलं. गाडीचे थोडेच हप्ते उरले असतील तर आधी ते फेडून टाकणं परवडतं. आणि नव्या पगाराच्या जोरावर नवी गाडी घ्यायचा बेत असेल तर तो घराच्या मागे ढकला.

नवरा-बायको दोघंही कमावते असतील आणि एकाची नोकरी स्थिर असेल, म्हणजे जिल्हा परिषदेत शिक्षिका किंवा बँकेत क्लार्क, तर सहअर्जदार म्हणून त्यांचं नाव फाइलला मोठा आधार देतं. त्यांची नेमणूक अजून साताऱ्यात असली तरी चालतं.

पायरी ५ : खिशातून किती जाणार

कर्जाच्या प्रमाणावर रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरत नाहीत, ती धरण्याची सवलत दहा लाखांपर्यंतच्या घरांपुरतीच आहे. नवखे इथेच फसतात.

६० लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट घ्या. बँक जास्तीत जास्त ४८ लाख देईल, तुमचे १२ लाख. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या हद्दीत मुद्रांक शुल्क, मेट्रो अधिभार आणि स्थानिक कर मिळून ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख. बेरीज साडेएकोणीस लाख, आणि यात सोसायटीची अनामत, मेंटेनन्सची आगाऊ रक्कम आणि फर्निचर अजून आलेलंच नाही. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला, मिळालेला तयार फ्लॅट घेतला तर जीएसटी लागत नाही.

घर फक्त बाईच्या किंवा फक्त बायकांच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. इथे ती ६० हजारांची. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. पण त्याचा पगार कर्जासाठी धरायचा असेल तर सहमालक नसतानाही सहकर्जदार म्हणून घेतील का, हे त्या बँकेला आधी विचारा. काही घेतात, काही नाही.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापून सरकारजमा करायची जबाबदारी घेणाऱ्याची आहे. ही रक्कम किमतीतूनच कापायची असते, वर भरायची नसते. बांधकाम टप्प्याटप्प्याने होत असेल तर प्रत्येक हप्त्याला.

उत्पन्न वर्षाला नऊ लाखांच्या आत असेल आणि कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसेल, तर पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मधली व्याज सवलत बघा. घर ३५ लाखांपर्यंतचं आणि कर्ज २५ लाखांपर्यंतचं असावं लागतं. मदत जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. पुण्याच्या भावात बसणारं घर शोधावं लागेल, हे खरं.

आणि एवढं करून सहा हप्त्यांइतकी रक्कम बाजूला राहिली पाहिजे. नव्या कंपनीत तुम्ही सगळ्यांत नवे, आणि कपात झाली तर यादी बहुधा तिथूनच सुरू होते.

पायरी ६ : पत्ता आणि पडताळणी

अर्ज घर जिथे घेताय त्या शहरातल्या शाखेत करा. नाशिकचे मॅनेजर कितीही ओळखीचे असले तरी मालमत्तेची पाहणी करणारा व्हॅल्युअर आणि कागद तपासणारा वकील पुण्याच्याच पॅनेलवरचे असतात. फाइल दोन शहरांत फिरत बसते.

आधारवर गावचा पत्ता असला तरी अडत नाही, सध्याच्या पत्त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं बंधनकारकच आहे आणि ते ऑनलाइन घरबसल्या होतं. घरमालक नुसत्या नोटरीवर भागवू म्हणाला तर ऐकू नका.

मग बँकेचा माणूस घर बघायला येतो, बहुतेकदा तुम्ही ऑफिसात असताना. गेटवर वॉचमनला नाव विचारतो. चार मुलं मिळून फ्लॅटमध्ये राहत असतील आणि रजिस्टरवर दुसऱ्याचंच नाव असेल तर वॉचमन सरळ सांगतो, ‘असं कुणी राहत नाही इथे.’ रिपोर्ट निगेटिव्ह. त्यामुळे अर्ज केल्याच्या दिवशीच सोसायटीच्या ऑफिसात आणि गेटवर नाव नोंदवून या. ऑफिसच्या बाजूने एचआरला कळवून ठेवा, आणि कंपनीच्या मेलवर बँकेची पडताळणीची लिंक आली तर ती स्पॅममध्ये पडून राहू देऊ नका.

पायरी ७ : घराचे कागद

नव्या शहरात कोणता बिल्डर कसा आणि कोणत्या गल्लीतल्या जागेचा वाद आहे हे तुम्हाला माहीत नसतं. म्हणून प्रकल्पाचा महारेरा, म्हणजे राज्याच्या बांधकाम प्रकल्पांवरच्या नियामक संस्थेचा, नंबर घेऊन त्यांच्या संकेतस्थळावर ताबा द्यायची तारीख आणि मुदतवाढी बघा. रेरा कायद्याप्रमाणे करारनाम्याची नोंदणी होईपर्यंत बिल्डर १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. टोकन द्यायचंच असेल तर कर्ज नाकारलं गेल्यास ते परत मिळेल, एवढी ओळ लेखी घ्या. तोंडी शब्द सेल्सवाला कंपनी सोडून गेला की संपतो. त्यालाही नोकरी बदलायची असतेच.

जुना फ्लॅट घेत असाल तर आधीच्या सगळ्या करारांची साखळी, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी आणि भोगवटा प्रमाणपत्र बघा. स्वस्तात मिळतंय म्हणून शहराच्या कडेला गुंठेवारीतलं, म्हणजे जमिनीचे गुंठ्यागुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या जागेवरचं घर किंवा नुसत्या नोटरीवरचा व्यवहार कुणी सुचवला तर बहुतेक बँका तिथे पाऊलही ठेवत नाहीत. आणि विकणारा काही रक्कम रोखीत मागत असेल तर बेकायदेशीरपणा बाजूला ठेवून नुसता हिशेबही करून बघा. कर्ज करारातल्या किमतीवर किंवा बँकेच्या मूल्यांकनावर, दोन्हींत जी कमी असेल तिच्यावर मिळतं. रोखीचा खड्डा तुम्हालाच भरायचा असतो.

पायरी ८ : मंजुरी ते चेक

बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जदाराला मुख्य अटींचं पत्रक द्यायचं आहे, त्याला केएफएस म्हणतात. व्याज, फी आणि सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर त्यात एका जागी असतो. दोन बँकांची तुलना त्यावरूनच करा.

बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जं २०१९ च्या ऑक्टोबरपासून बाहेरच्या मानकाला, बहुतेक ठिकाणी रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याला, जोडलेली आहेत. गृहवित्त कंपन्यांना ते बंधन नाही, त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या मानकावर चालतो. नवी नोकरी म्हणून सुरुवातीला गृहवित्त कंपनीकडेच जावं लागलं तर खचून जाऊ नका. बदलत्या दराच्या कर्जावर व्यक्तींना मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, कायम झाल्यावर वर्षभराने बँकेकडे वळवता येतं. फक्त तेव्हा नवी प्रोसेसिंग फी आणि गहाणाचं मुद्रांक शुल्क पुन्हा बसेल, तेवढं वजा करून फायदा उरतो का बघा.

सहीच्या टेबलावर एक विम्याचा फॉर्म हळूच सरकवला जातो, आणि त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवलेला असतो. म्हणजे विम्यावर २० वर्षं व्याज. तो विमा बँकेकडूनच घेण्याची सक्ती नसते. विमा हवाच, कारण जुन्या कंपनीचं ग्रुप कव्हर नोकरीबरोबर गेलं. पण साधा टर्म प्लॅन बाहेरून घेतला तर बहुधा स्वस्त पडतो.

घराचे कागद बँकेकडे गहाण ठेवल्याची सूचना, नोटीस ऑफ इंटिमेशन, गहाणाच्या तारखेपासून ३० दिवसांत नोंदणी कार्यालयात दाखल करायची असते. तीही ऑनलाइन होते. बरेच जण बँकेने केली असेल असं समजून राहतात आणि मग दंड भरतात.

नाशिकमध्ये आधीच एक कर्ज असेल तर

तो हप्ता तुमच्या निम्म्या पगारातून वजा होतोच. जुनं घर भाड्याने दिलं तर नोंदणीकृत करार आणि खात्यात येणारं भाडं दाखवा, बँक त्यातला काही भाग उत्पन्नात धरते. करासाठी मात्र नीट बसून हिशेब करा. नवी करप्रणाली आता आपोआप लागू होते आणि तिच्यात स्वतः राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट नाही. जुन्या प्रणालीत ती २ लाखांपर्यंत आहे, आणि घर नाशिकला, तुम्ही पुण्यात भाड्याने असाल तर घरभाडं भत्त्याची सवलतही सोबत घेता येते. नव्या कंपनीत रुजू होतानाच कोणती प्रणाली हवी ते विचारतात, आणि तिथे घाईत ‘डिफॉल्ट’वर टिचकी मारली जाते. जुन्या कंपनीतला या वर्षीचा पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला त्याच वेळी कळवा, नाहीतर दोघीही सूट धरून कमी कर कापतात आणि जुलैत विवरणपत्र भरताना एकरकमी भरणा निघतो, नेमका गृहप्रवेशाच्या खर्चात.